वय नको, धूर मोजा

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी २०२३ साली मुंबईच्या टॅक्सीतळांवरून निवृत्त झाली. तरीही घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अशी गाडी कुणीतरी खोलून बसलेला दिसतो. तो कार्ब्युरेटर धुतो, पिस्टनच्या रिंगा बदलतो, गंजलेला पत्रा कापून नवा जोडतो. याला केवळ हौस म्हणणे अन्यायाचे आहे. एकदा खर्ची पडलेल्या पोलादाचे व श्रमांचे आयुष्य वाढवणारे हे उत्पादक काम आहे.

शासनाचा हिशेब मात्र वेगळा. २०२१ च्या नियमांनी पन्नाशी उलटलेल्या, मूळ रूपातील गाडीला ‘व्हिंटेज’चा मान दिला; तो संग्राहकांच्या उपयोगाचा. २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरील खाजगी मोटारीचे नोंदणी-नूतनीकरण शुल्क ६०० रुपयांवरून ५००० वर गेले. तो भार रोज गाडी वापरणाऱ्यावर पडला.

मूळ रचनेतील मनमानी फेरफार मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम रोखते, ते योग्यच. धूर हा तर शेजाऱ्यांच्या फुप्फुसांचा प्रश्न. तेथे सवलत नकोच. परंतु धुराच्या व ब्रेकच्या कडक चाचणीत उतरलेल्या गाडीला निव्वळ वयाचा दंड कशासाठी? अशा धोरणाने हवेपेक्षा नव्या मोटारींच्या खपाचीच अधिक काळजी वाहिली जाते.