भरतीची वेळ पक्ष्यांची

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिसफार्न हे दिवसातून दोनदाच खऱ्या अर्थाने बेट होते. ओहोटीच्या वेळी तेथे मोटारीने जाता येते. भरती आली की १९५४ साली बांधलेला रस्ता पाण्याखाली जातो. ऑक्टोबरातील एक दिवस येथे पक्षिनिरीक्षणात घालवू इच्छिणाऱ्यास घड्याळाइतकेच भरती-ओहोटीचे कोष्टकही जवळ बाळगावे लागते.

ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात फिकट पोटाचे ब्रेंट कलहंस सागरी गवत खुडीत असतात. ध्रुवप्रदेशातील स्वालबार्डची विणीची भूमी सोडून ते येथे हिवाळा काढावयास येतात. पूर्वेचा वारा असल्यास काटेरी झुडपांत, जेमतेम पाच-सहा ग्रॅम वजनाचे आणि तरीही उत्तर समुद्र ओलांडून आलेले गोल्डक्रेस्ट पक्षी विसावलेले आढळतात. भरती चढू लागली म्हणजे चिखल्या, तुतवार, पाणटिवळे उरल्यासुरल्या कोरड्या जागी दाटीने उभे राहतात.

पाहणाऱ्यास ही पर्वणी वाटते. पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र तो सक्तीच्या विश्रांतीचा काळ होय. चरण्याची जागा पाण्याखाली असते. अशा वेळी मोकळा सोडलेला कुत्रा किंवा अतिउत्साही छायाचित्रकार यांच्यामुळे थवा उठला, की थंडीसाठी साठविलेली शक्ती व्यर्थ खर्ची पडते. एकदा घडले तर निभावते. वारंवार घडू लागले, तर किनारा नकाशावर राखीव राहूनही पक्ष्यांपुरता संपतो.

लिंडिसफार्नला १९६४ पासून राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जा आहे. तो आवश्यक होताच; पण पुरेसा नाही. समुद्र रस्ता बंद करतो, किनारा नव्हे. बेटावर मागे राहिलेल्यांना आवर घालण्याचे काम त्याला जमणारे नाही. किनारा सर्वांचा आहे, हा युक्तिवाद रास्त आहे. परंतु त्या ‘सर्वां’त हजारो मैलांवरून आलेल्या पाहुण्यांचा समावेश करावयाचा की नाही, हा खरा प्रश्न आहे. भरतीच्या आगेमागे दोन-तीन तास विश्रांतिस्थळांपासून दूर राहणे, कुत्र्यांना साखळी लावणे, एवढ्याने कोणाचे स्वातंत्र्य बुडत नाही. हा संयम प्रथम पक्षिप्रेमींनीच पाळावयास हवा. कारण पक्षी जवळून पाहण्याचा मोह सर्वांत अधिक त्यांनाच असतो.

कोष्टकाकडे दुर्लक्ष करणाऱ्यांच्या मोटारी या रस्त्यावर दरवर्षी पाण्यात अडकतात. समुद्राची मर्यादा मोडली तर शिक्षा तत्काळ मिळते. पक्ष्यांची मर्यादा मोडणाऱ्यास काहीच भोगावे लागत नाही. म्हणूनच ती स्वतःहून पाळण्यात माणसाची कसोटी आहे.