सत्तावीस कीं वीस सात?

सन २०१९ च्या जूनमध्यें बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणित-पुस्तकांत एकवीस, बावीस या शब्दांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' असें वाचन आलें, आणि सुशिक्षित महाराष्ट्र पोट धरून हंसला. विधानसभेंत मुख्यमंत्र्यांच्या आडनांवावर कोटी झाली. घरोघरच्या बैठकींत मराठी बुडाल्याचा शोक झाला. जुने शब्द काढलेले नाहींत, हें गणित समितीच्या अध्यक्षा कै. मंगलाबाई नारळीकर सांगत होत्या. पण ऐकावयास फुरसत कोणास होती?

थट्टा करणारांनीं एकदां सात वर्षांच्या मुलाच्या पाटीकडे पाहावें. 'सत्तावीस' म्हणतांना सात आधीं कानीं पडतो; लिहावा लागतो मात्र मागाहून. मूल ७२ लिहितें आणि बोलणीं खातें. यांत मठ्ठपणा कोठें आहे? त्यानें ऐकलें तसेंच लिहिलें! 'एकोणतीस' या शब्दांत तर नवाचा मागमूसही नाहीं. तिसांतून एक वजा करण्याचें तें कोडें आहे. तोच नियम धरून मूल ९९ ला 'एकोणशंभर' म्हणालें, तर तेंही चूक! गणिताचें भय बीजगणितांत जन्मत नाहीं; तें येथें जन्मतें.

आमच्या यवतमाळ जिल्ह्याचीच गोष्ट घ्या. पैनगंगेपलीकडील तेलुगु मूल २७ ला 'इरवै एडु', म्हणजे अक्षरशः वीस सात, म्हणतें. त्यानें तेलुगु भाषा दरिद्री झाली काय? अलीकडे केळापूर, झरी-जामणी या तालुक्यांतील पोडांवर घरीं कोलामी बोलणारें मूल शाळेंत येतें. त्याच्या माथीं मराठी शब्द आणि उलटा क्रम अशीं दोन ओझीं एकदम मारून आपणच म्हणतों, याला गणित येत नाहीं! नॉर्वेनें १९५१ सालीं संख्यावाचनाचा क्रम असाच बदलला. जुनी रीत बोलण्यांत टिकली, आणि राष्ट्रही टिकलें.

कोणी म्हणेल, 'आम्ही याच शब्दांनीं शिकलों ना?' शिकलांत खरे. पण ज्यांनीं वाटेंतच गणित सोडलें, ते आपल्या बैठकींत बोलावयास नाहींत.

नवें वाचन हा रामबाण आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. 'वीस सात' ऐकून २०७ लिहिणारें मूलही निघेल. म्हणून आधीं पऱ्हाटीच्या काड्यांच्या दहा-दहांच्या जुड्या त्याच्या हातीं द्याव्या. दोन जुड्या व सात सुट्या काड्या त्यानें स्वतः मोजाव्या, 'वीस सात' म्हणावें, २७ लिहावें, आणि मग 'सत्तावीस' हा शब्द शिकावा. तो शब्द आम्हांसही प्रिय आहे. परंतु भाषेच्या अभिमानाची किंमत मोठ्यांनीं द्यावी. ती सात वर्षांच्या पोराच्या आत्मविश्वासांतून वसूल करणें हा अभिमान नव्हे, अन्याय होय.