हातसुद्धा हत्यार ठरतो

बिबवेवाडीत अप्परच्या बाजूला राहणाऱ्या एक अम्मी गेल्या महिन्यात आमच्याकडे आल्या. क्रिकेटमध्ये आऊट की नॉटआऊट यावरून त्यांच्या नववीतल्या मुलाने दुसऱ्याच्या तोंडावर ठोसा मारला आणि त्या मुलाचा पुढचा दात पडला. "सर, पोरापोरांची मारामारी ती. चाकू थोडाच काढला होता?"

ही समजूत घरोघरी आहे, म्हणून लिहितो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. चापट मारली, मुका मार लागला, तर ती साधी दुखापत. कलम 115, शिक्षा एक वर्षापर्यंत. पोलीस बहुधा एनसी लिहून घेतात. पण हाड मोडलं, दात तुटला किंवा निखळला, डोळा कायमचा अधू झाला, किंवा जखमी माणसाला पंधरा दिवस नेहमीची कामं करता आली नाहीत, तर ती गंभीर दुखापत होते. कलम 117, सात वर्षांपर्यंत कैद. म्हणजे एका दाताने प्रकरण कुठल्या कुठे जातं. हातात कोयता असेल तर कलम 118 लागतं, आणि त्याने गंभीर दुखापत केली तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. जीव घेण्याच्या इराद्याने डोक्यात स्टंप घातला, तर समोरचा वाचला तरी कलम 109 आहेच, खुनाचा प्रयत्न.

आणि रिकामा हात? क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांचं प्रकरण आठवा. डिसेंबर 1988, पतियाळा, गाडी लावण्यावरून भांडण. मार बसलेले 65 वर्षांचे गृहस्थ वारले. सिद्धू आधी निर्दोष सुटले, मग हायकोर्टाने तीन वर्षांची शिक्षा दिली, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती हजार रुपये दंडावर आणली. शेवटी मे 2022 मध्ये त्याच कोर्टाने एक वर्ष सक्तमजुरी सुनावली. धडधाकट खेळाडूचा हात हेच हत्यार होऊ शकतं, असं कोर्टाने म्हटलं. भांडण काही मिनिटांचं, खटला तेहतीस वर्षांचा.

"माझा तर नुसता उभा होता," असंही पालक म्हणतात. नुसतं उभं राहणं गुन्हा नाही. पण समोरच्याचे हात धरले, फोन करून पोरं गोळा केली, तर मारणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. व्हॉट्सअ‍ॅपवरचं "ये, दाखवतो" पुरावा म्हणून उभं राहतं. स्वतःला वाचवण्याचा हक्क जरूर आहे, पण पळणाऱ्याला गाठून मारणं बचावात बसत नाही.

अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. मात्र सोळा पूर्ण झालेल्याने खुनासारखा गुन्हा केला, तर प्रौढ म्हणून खटला चालू शकतो. बिरादरीतले बुजुर्ग सुलह करून देतात, चांगलंच आहे. तरी गंभीर दुखापतीचा खटला मिटवायला कोर्टाची परवानगी लागते आणि खुनाच्या प्रयत्नाचा तर बैठकीत मिटतच नाही. पहेलवानाची हदीस आपल्या मुलांना पाठ असते, हे कलम त्यांना कोणी सांगत नाही.

अम्मी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आधी त्यांच्या घरी जाऊ की वकिलाकडे?" आम्ही म्हटलं, आधी त्या मुलाला दाताच्या डॉक्टरकडे न्या. मगरिबनंतर मायलेक त्या घरी गेले. खर्चाचं बोलणं झालं. तक्रार करायची की नाही, हे त्या घराने अजून ठरवलेलं नाही. तो त्यांचा हक्क आहे.