सोवळ्यातला वास

नेरूळमधल्या एका क्लबचा बंदिस्त जलतरण तलाव. पहाटेचे साडेपाच. काचेचं दार ढकललं की वास नाकात शिरतो, डोळे चुरचुरतात, आणि बाकावर थर्मास घेऊन बसलेली एखादी आई समाधानाने सांगते, ‘इथे क्लोरीन भरपूर टाकतात हो, वास येतोय ना!’ तेवढ्यात तिचा बारा वर्षांचा मुलगा दोनशे मीटर संपवून काठाला लटकतो आणि खोकू लागतो. कोरडा, ढास लागल्यासारखा खोकला. घड्याळावरची नजर न काढता सर ओरडतात, ‘चल, दहा सेकंद झाले!’

बाई, ज्या वासावर तुम्ही विश्वास टाकलात तो आपल्याच घाणीचा आहे. नीट राखलेल्या तलावाला वास जेमतेम असतो. क्लोरीनला पाण्यात घाम, लघवी, अंगाचा मळ भेटला की क्लोरामाइनं तयार होतात. त्यातलं ट्रायक्लोरामाइन पाण्यात टिकत नाही. ते वर येतं, आणि हवेपेक्षा जड असल्याने पाण्यालगतच रेंगाळतं. उघड्या तलावावर वारा ते उडवून नेतो; काचेच्या पेटीत ते जाणार कुठे? पोहणाऱ्याचं तोंड नेमकं त्याच वीतभर थरात उघडतं. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. जीव तोडून पोहणारा तरुण शंभराच्या घरात जातो, तीही तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी टाळून. हौशी माणूस अर्ध्या तासात घरी जातो. स्पर्धेची पोरं सकाळ-संध्याकाळ तिथेच असतात.

ऑलिंपिकला जाणाऱ्या जलतरणपटूंत दम्याचं प्रमाण बहुतेक उन्हाळी खेळांपेक्षा जास्त आढळलं आहे. दमेकरी मुलांना डॉक्टरच पोहायला पाठवतात, हेही त्यामागचं एक कारण, मान्य. पण २००२ साली ब्रिटनमध्ये तलावावर नोकरी करणाऱ्यांनाच या वायूमुळे दमा जडल्याची नोंद झाली, तिचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बंदिस्त तलावाच्या हवेत ट्रायक्लोरामाइनची मर्यादा सुचवली: घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम. आपल्याकडे आयएस ३३२८ हे मानक आहे, ते तलावाच्या पाण्याच्या गुणवत्तेचं. पाणी तपासलं की आपलं समाधान होतं.

आणि हे कुठे? ज्या शहरात रात्री तळोज्याच्या कारखान्यांकडून रसायनाचा भपका आला की खारघरची माणसं खिडक्या लावून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रारी करतात, तिथे. त्यांचं बरोबरच आहे. पण कारखान्याच्या धुराड्यातून आला की विषारी, आणि महिन्याची फी भरून घेतला की आरोग्यदायी, हा कुठला न्याय?

पाण्याच्या शुद्धतेबद्दल तर आपण बोलूच नये. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा याच समाजातल्या सनातन्यांनी तळं बाटलं म्हणून १०८ घागरी पंचगव्य त्यात ओतलं. माणसाच्या स्पर्शाने पाणी विटाळतं, शेणा-गोमूत्राने शुद्ध होतं, अशी ती अक्कल. पुढे दहा वर्षं कोर्टात भांडून हक्क मिळवावा लागला. त्याच संस्कारात वाढलेले आपण आज तलावात शिरण्याआधी मिनिटभर अंगावर पाणी घेत नाही, आणि आत गेल्यावर काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. तलावात सगळेच करतात, क्लोरीन ते मारून टाकतं, असं खुद्द ऑलिंपिक जलतरणपटू मायकेल फेल्प्सने २०१२ मध्ये हसत सांगितलं होतं. क्लोरीन लघवी मारून टाकत नाही. तिच्याशी संगनमत करून वायू बनवतं. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी तलावातल्या कृत्रिम गोडीच्या पदार्थावरून हिशेब मांडला, तेव्हा ८ लाख ३० हजार लिटरच्या एका तलावात अंदाजे ७५ लिटर लघवी निघाली. घरात पाण्याच्या माठाला हात लावू न देणारी आपली शुचिता तलावाच्या पायरीवर कुठे गळून पडते?

व्यवस्थापनाचा हिशेब वेगळा. बाहेरची ताजी हवा आत घ्यायची, दमटपणा काढून ती फिरवायची, तर वीज लागते. म्हणून पंखे अर्धे चालतात, पावसाळ्यात तर काचाही बंद. वास वाढला की पूल ऑपरेटर आणखी पावडर टाकतो, कारण सभासदांना वास हवा असतो! आई-बापांना पदक हवं असतं. सरांना वेळ हवी असते. पोराच्या पिशवीत गॉगल, टोपी, केळं आणि निळा इन्हेलर शेजारी शेजारी असतात, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

मी त्या दिवशी शॉवर शोधला. भिंतीवर पाटी होती, ‘पोहण्यापूर्वी स्नान करणे अनिवार्य’. तिच्याखालच्या दोन्ही कप्प्यांत किकबोर्डांची चळत लावलेली होती, नळाच्या तोटीला कुणीतरी ओला टॉवेल अडकवला होता, आणि फरशी ठणठणीत कोरडी.