‘शंभर टक्के ब्लॉक’ आणि घाईचा निर्णय

अँजिओग्राफीच्या अहवालात ‘शंभर टक्के ब्लॉक’ आले की भिवंडीतल्या घरात आधी पैशांची धावपळ सुरू होते. आता काही तासांचाच खेळ, असे नातेवाइकांना वाटते. रक्तवाहिनी अचानक बंद पडली तर तो हार्ट अटॅक. तिथे मिनिटामिनिटाला किंमत. पण तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ पूर्ण बंद असलेल्या वाहिनीची गोष्ट वेगळी. तिच्या शेजारून हृदयाने बहुधा रक्ताची आडवाट काढलेली असते. इथे विचार करायला वेळ असतो.

हा जुना अडथळा कॅथेटरने उघडता येतो. अनुभवी हातांत दहापैकी आठ-नऊ वेळा यशही येते. मात्र काम कधी दोन-तीन तास चालते. कॅल्शियम साचून टणक झालेल्या अडथळ्यातून तार सरकवताना वाहिनीला भोक पडू शकते. ते रक्त हृदयाभोवतीच्या आवरणात साचले तर जिवावर बेतते. डायचा ताण मूत्रपिंडांवर पडतो (मधुमेह असेल तर हे आधीच विचारा), क्ष-किरणांचा माराही जास्त.

बदल्यात काय मिळते? 2018 च्या ‘युरो-सीटीओ’ अभ्यासात 396 रुग्ण होते. वाहिनी उघडलेल्यांचे छातीचे दुखणे नुसत्या औषधांपेक्षा जास्त कमी झाले. 2019 च्या ‘डिसिजन-सीटीओ’त भारतातील रुग्णही होते. तिथे मृत्यू किंवा अटॅक कमी झाल्याचे दिसले नाही. तो अभ्यास ठरल्याआधी थांबला, म्हणून तो शेवटचा शब्द नव्हे. पण आयुष्य वाढते असे सांगून कोणी घाई करत असेल, तर त्याला पुरेसा आधार नाही.

यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराची छाती औषधे नीट घेऊनही जिना चढताना आवळत असेल, तर त्याच्यासाठी हा आराम म्हणजे रोजी आहे. त्याने धोका पत्करावा, असे माझे मत. काहीच त्रास नसलेल्याने केवळ अहवालातल्या आकड्याला घाबरून टेबलावर जाऊ नये.

अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या आणि ठाण्या-मुंबईत दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा. वर्षाला असे किती अडथळे उघडता, भोक पडले तर शस्त्रक्रियेची सोय इथेच आहे का, हे स्पष्ट विचारा. तोवर गोळ्या चुकवू नका. बसल्या जागी छातीत दुखू लागले आणि थांबेना, तर मात्र सीडी शोधत न बसता 108 ला फोन करा.