हाताला धरून

दिवाळीला भाचा आला की आमच्या नांदेडच्या घरात दोन गोष्टी हटकून होतात. चकल्यांचा डबा अपुरा पडतो आणि माझ्या मराठीच्या प्राध्यापकीला कुठून तरी धक्का बसतो. यंदाचा धक्का यंत्रमानवाचा होता.

भाचा चाकणच्या एका कारखान्यात कामाला आहे. आल्या आल्या म्हणाला, "मामा, यंदा मी एका शिष्याला हाताला धरून शिकवलं. अक्षरशः! कारण त्याला हाताखेरीज दुसरं काही नाहीच."

ह्या शिष्याला आज्ञा लिहून द्याव्या लागत नाहीत. कामगाराने त्याचा हात धरून हवा तसा फिरवायचा. तो मार्ग यंत्र ध्यानात ठेवते. माणसाचा धक्का लागला की थबकते, म्हणून पुष्कळदा त्याच्याभोवती पिंजराही लागत नाही. डेन्मार्कमधले असले हात चाकणच्याच बजाज ऑटोच्या कारखान्यात २०१० सालापासून येत गेले आणि पुढे शंभरावर गेले. मला माझी धुळाक्षरे आठवली. आजोबांनीही माझे बोट असेच धरले होते.

'रोबॉट' हा शब्द चेक लेखक कारेल चापेक ह्यांच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला. मुळातला चेक शब्द 'रोबोता', म्हणजे वेठ. १९४८ पर्यंत निजामी अमलात राहिलेल्या आमच्या आजोबांना त्याचा अर्थ कोशात पाहावा लागला नसता. नाव वेठबिगाराचे आणि वागणूक उमेदवाराची, अशी ह्या यंत्राची गंमत आहे.

पण नुसते गिरवणे म्हणजे शिकणे नव्हे. त्याच वेळी स्वयंपाकघरात दुसरा वर्ग भरला होता. आमची सौ. मुलीला चकल्या शिकवीत होती. तिच्या हातात सोऱ्या असा फिरे की, मुलीची नजर पहिल्याच वेढ्यात अडकून राही.

"आई, तू छानच करतेस, पण मला दिसेल असं कर ना!"

मग सौ.ने हात मुद्दाम संथ केला. वेढ्यावेढ्याला थांबली. एक चकली तर मुद्दाम मोडू दिली.

२०१६ साली अमेरिकेत, बर्कलीच्या विद्यापीठात, स्टुअर्ट रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताने नेमके हेच मांडले. माणसाच्या मनात काय आहे ते आपल्याला ठाऊकच आहे, असे यंत्राने धरून चालू नये; पाहावे, अडल्यास विचारावे. आणि माणसानेही नुसते आपले काम उत्तम करून दाखविणे पुरेसे नाही. शिकणाऱ्याला उमगेल असे करावे लागते. वीस वर्षे खडू झिजवून मला जे जेमतेम कळले, ते ह्यांनी समीकरणात बसविले!

रात्री फटाके थंडावल्यावर भाचा हळूच म्हणाला, "मामा, ते यंत्र हुबेहूब माझ्या हातासारखं चालतं. साहेब खूष आहेत. पण पुढच्या दिवाळीला त्यांना माझी गरज वाटेल का?"

शिष्याने गुरूच्या पुढे जावे, असे मी दर वर्षी वर्गात सांगतो. पण माझ्या एकाही शिष्याने माझी खुर्ची मागितलेली नाही. तेव्हा माझे औदार्य स्वस्तातले. महाभारतात गुरूने शिष्याचा अंगठा मागितला. इथे शिष्यच गुरूचा अंगठा घेऊन जाणार की काय, ही त्या पोराची धास्ती. तिच्यावर उतारा माझ्यापाशी नव्हता.

एवढेच म्हणालो, "ज्याचा हात गिरवायचा, त्याला आधी विचारलं पाहिजे आणि त्याचं मोलही दिलं पाहिजे. हे साहेबांना तुम्हीच सांगायला हवं. यंत्र थोडंच सांगणार आहे?"

भाचा हसला, पण नेहमीसारखा नाही.

निघताना सौ.ने त्याचा डबा भरून दिला. मुलीने केलेली वेडीवाकडी पहिली चकली तिने सगळ्यांत वर ठेवली होती.