रोही आणि लोखंडी गार्ड

अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू अशी गावे मागे टाकीत अकोल्यास पोहोचणाऱ्या महामार्गाच्या लोणी ते माना या टप्प्यात जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत एका पदराचे ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग पुरे झाले आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली, हे वऱ्हाडास भूषणावह खरेच. परंतु गुळगुळीत रस्त्यावर वेगास आळा घालण्याचे काम पूर्वी जे खड्डे निमूटपणे करीत असत ते गेल्यावर, तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या वावरातून रात्री अकस्मात डांबरावर येणारा रोही (नीलगाय) आणि ताशी नव्वदच्या वेगाने धावणारी मोटार यांची गाठ पडू नये याची तजवीज मात्र कोणी केलेली नाही.

ती तजवीज मग मोटारमालक स्वतःच्या बुद्धीने करतो आणि वेल्डिंगच्या दुकानातून जाड नळ्यांचा लोखंडी गार्ड बसवून घेतो. त्याच्या भीतीची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. पूर्ण वाढलेला नर रोही दोनशे किलोंहून अधिक भरतो. तथापि शहराच्या हद्दीबाहेर क्वचितच पडणाऱ्या मोटारींवरही हाच गार्ड झळकताना पाहिला, की या प्रकरणात रोही हा पुष्कळदा केवळ निमित्तमात्र असून खरा उद्देश रुबाबाचा आहे, असा संशय आल्यावाचून राहत नाही.

रुबाब सोडून संरक्षणापुरतेच पाहिले तरी हिशेब जमत नाही. रानडुक्कर ठेंगणे, त्याची धडक खाली बसते, आणि सावकाश चालीत गार्डामुळे दिवे व रेडिएटर वाचतात, इतके मी मान्य करतो. रोह्याचे मात्र पाय लांब आणि धड उंच. त्याचे पाय गार्डाने वा बंपरने खालून उडवले, म्हणजे ते अवजड धड बॉनेटवरून थेट समोरच्या काचेवर येते, आणि तेथे गार्डाचा अंमल चालत नाही. शिवाय मोटारीचा पुढील भाग आघात सोसताना चुरावा आणि धक्क्याचा जोर माणसांपर्यंत पोहोचण्यापूर्वी क्षीण व्हावा, अशीच त्याची रचना असते. थेट चासीला जखडलेला गार्ड ती रचनाच निष्फळ करतो, एअरबॅगच्या संवेदकांस चकवू शकतो, आणि एखाद्या पादचाऱ्यास धडक बसलीच तर त्याची इजा अधिक भयंकर करतो.

याच कारणांस्तव केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये, असे गार्ड बसवणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग आहे, सबब कारवाई करावी, असे राज्यांस कळविले. हुकूम निघाला, गार्डांचा व्यापार सुरूच राहिला.

उपाय मोटारीच्या तोंडावर नव्हे, रस्त्याच्या पोटात करता येतो, याचा पुरावा विदर्भातच आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या अरण्यातून नेताना महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी तो उचलून धरण्यात आला, त्याखालील काही मार्गिका पन्नास, तर काही साडेसातशे मीटरपर्यंत रुंद ठेवण्यात आल्या, आणि भारतीय वन्यजीव संस्थेने तेथे बसवलेल्या कॅमेऱ्यांत चितळ, रानडुकरे व वाघही त्यांतून निर्वेधपणे जाताना टिपले गेले. समृद्धी महामार्गावरही वन्यप्राण्यांसाठी अशा वाटा काढल्या आहेत. मात्र वाघाच्या नावाने जो खर्च मंजूर होतो तो शेताच्या मुलखात, शेतकऱ्याच्या शिव्या खात वावरणाऱ्या रोह्याच्या नावाने मंजूर होईल, असा भरवसा मला वाटत नाही.

तोवर चालकाच्या हाती वेगच आहे. ताशी साठवरून नव्वदवर जाताना वेग दीडपट होतो, पण धडकेचा जोर सव्वादोन पट. रोही बहुधा कळपाने असतात; सबब एक ओलांडून गेला म्हणजे रस्ता मोकळा झाला असे न समजता मागच्यांसाठी गाडी थोपवावी, आणि तो ऐन समोर आलाच तर सुकाणू एकाएकी न वळवता सरळ रेषेत ब्रेक लावावा; कारण जनावर वाचवण्याच्या धांदलीत कडेच्या बाभळीवर आडव्या जाऊन आदळणाऱ्या मोटारीस पुढचा गार्ड कितीही जाड असला तरी उपयोगी पडत नाही.